फोनमध्ये हेरखात्याचा कोड?

प्रश्न : माझा भाचा म्हणतो, आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये अमेरिकेच्या ‘एनएसए’ या गुप्तचर संस्थेने लिहिलेला कोड असतो आणि तो कुणालाही फुकट वाचता येतो. हे खरे आहे का? ज्यांचा धंदाच चोरून ऐकण्याचा, ते आपला कोड चव्हाट्यावर का मांडतील?

उत्तर : भाचा बरोबर सांगतो. त्या कोडचे नाव एसई-लिनक्स. एनएसएने तो डिसेंबर २००० मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला. अँड्रॉइड लिनक्स या प्रणालीच्या पायावर उभे आहे. साध्या लिनक्समध्ये ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याला सगळे माफ असते. एसई-लिनक्समध्ये प्रत्येक फाइलवर आणि चालू प्रोग्रामवर एक चिठ्ठी असते, आणि कोणत्या चिठ्ठीवाल्याने कशाला हात लावायचा हे आधीच लिहून ठेवलेले असते. बँकेचा मॅनेजर झाला तरी तिजोरी एकट्याच्या किल्लीने उघडत नाही, तसे. त्यामुळे तुमच्या फोनमधल्या व्हिडिओ उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये कुणी शिरकाव केला, तरी तिथून बाकीच्या फोनवर कब्जा मिळवणे अवघड जाते. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून हे नियम संपूर्ण फोनभर सक्तीने लागू आहेत.

आता ‘का’. एनएसएला दोन कामे आहेत : दुसऱ्यांचे ऐकणे आणि आपल्या सरकारची गुपिते राखणे. पण सरकारी कचेऱ्यांतही बाजारातलेच संगणक चालतात. स्वतःपुरते खास लिनक्स करून ठेवले, तर मूळ लिनक्सची नवी आवृत्ती आली की ठिगळे पुन्हा लावत बसा! त्यापेक्षा मूळ लिनक्समध्येच बदल घुसवलेला बरा. तो सहज घुसला मात्र नाही. २००१ मध्ये एनएसएने आपले काम मांडले, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एकाच सुरक्षापद्धतीला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मानाचे पान द्यायला नकार दिला. कोणतीही पद्धत जोडता येईल असा सामाईक सांगाडा आधी करा, असे त्यांचे म्हणणे. तो झाला आणि २००३ मध्ये एसई-लिनक्स मूळ कर्नलमध्ये आले.

दुसरे कारण नोकरभरतीचे. मार्च २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत एनएसएने ‘गिड्रा’ खुले केले. यंत्राच्या भाषेतला प्रोग्राम माणसाला वाचता येईल अशा रूपात उलगडून दाखवणारे हे साधन व्हायरस तपासणाऱ्यांच्या फार उपयोगाचे आहे. या कामाची बाजारातली प्रसिद्ध साधने महाग, त्यामुळे विद्यार्थी गिड्रावर हात बसवतात आणि पुढे एनएसएत आलेच तर तयार होऊन येतात. शिवाय गिड्राचे नाव विकिलीक्सने २०१७ मध्येच फोडले होते. झाकायचे फारसे उरलेच नव्हते, हेही लक्षात घ्या.

आणि चव्हाट्यावर येते ते हत्यार. त्याने काय शोधले ते नाही. विंडोजमधली जी खोट एनएसएने गुपचूप जवळ ठेवली होती, ती चोरांच्या हाती लागली आणि मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरचे संगणक ओलीस धरले. ती खोट कुणी खुली केली नव्हती, ती फुटली होती.

मग खुल्या कोडात चोरदरवाजा नसेलच का? गिड्रा आले तेव्हा संशयी मंडळी त्यावर तुटूनच पडली. डीबग मोडमध्ये (चुका शोधण्यासाठी चालवताना) ते एक पोर्ट, म्हणजे आत शिरण्याची वाट, बाहेरच्या जाळ्यालाही उघडे ठेवते, हे लगेच सापडले. तो गलथानपणा होता, एका ओळीत दुरुस्त होणारा. पण खुलेपणावर आंधळा भरवसा ठेवू नये. ‘ड्युअल ईसी’ हे यादृच्छिक आकडे तयार करणारे सूत्र एनएसएने पुढे रेटले आणि २००६ मध्ये ते अमेरिकी मानकात आले. सूत्र सर्वांसमोर होते. त्यातले ठरीव आकडे कुठून आले, एवढेच सांगितले नव्हते. ते आकडे घडवणाऱ्याजवळ गुप्त किल्ली असू शकते, हे २००७ मध्ये दोन संशोधकांनी दाखवले. एनएसएची गुपिते फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांची कागदपत्रे आल्यावर संशय बळावला आणि २०१४ मध्ये ते सूत्र मागे घेतले गेले.

या संशयाचा फटका पुढे ‘स्पेक’ला बसला. स्वस्त फोनसाठी सोयीची ही एनएसएची कूटपद्धत २०१८ मध्ये लिनक्समध्ये शिरली खरी. पण तिच्या रचनेमागची कारणे विचारणाऱ्यांचे एनएसएच्या उत्तरांनी समाधान होईना. पद्धत कुणी फोडलेली नव्हती, तरी त्याच वर्षी ती कर्नलमधून काढून टाकली गेली आणि त्या फोनांसाठी गुगलने ‘अडियँटम’ ही वेगळी पद्धत स्वतः बांधली. एसई-लिनक्स मात्र तुमच्या फोनमध्ये आहे तिथेच आहे.