घडीची फळी आणि गिऱ्हाईकाचं कोपर

अरुंद दुकानाला घडीची फळी फार उपयोगी पडते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी ती नकोच असं ठरवेल. रत्नागिरीच्या बाजारातलं आमचं स्टेशनरी-पुस्तकांचं दुकान जुन्या चिऱ्याच्या इमारतीत आहे. रुंदी जेमतेम ९ फूट. एरवी मधून माणसाला सुटसुटीत चालता यायला हवं, पण गणपतीसाठी चाकरमानी गावी उतरले की आरतीसंग्रह, रंगीत कागद, पुठ्ठ्याची मखरं, दिव्यांच्या माळा मांडायला जागा कुठून आणायची? दिवाळी अंकांच्या वेळी पुन्हा तीच गत. हंगामात फळ्या उघडायच्या आणि हंगाम सरला की भिंतीला टेकवून ठेवायच्या, यापेक्षा सोयीची दुसरी मांडणी मला माहीत नाही.

आमच्या पहिल्या फळ्या एका बाहेरगावच्या फर्निचरवाल्याने बसवल्या. प्रत्येक फळी ४ फूट लांब, १६ इंच खोल, खाली दोन घडीचे ब्रॅकेट. ब्रॅकेटच्या खोक्यावर वजनक्षमता ठसठशीत छापलेली. काम दिसायला नीटनेटकं होतं. गणपती तोंडावर आले असताना, भर गर्दीच्या वेळी, त्यातली एक फळी उजव्या बाजूने भिंतीतून सुटून खाली आली. तिच्यावर जड असं काहीच नव्हतं. माळांची खोकी आणि कागदाच्या गुंडाळ्या, सगळं मिळून १० किलोही भरलं नसतं. पण समोर उभ्या असलेल्या आजी वर टांगलेली माळ बघायला फळीच्या कडेवर हात टेकून वाकल्या होत्या आणि मागून गर्दीचा रेटा आला. लोखंडी ब्रॅकेट त्यांच्या पावलावर पडला. हाड वाचलं, पण ऐन सणात त्यांना लंगडत घरी जावं लागलं. त्यांच्या जागी कडेवर उंचावलेलं लहान मूल असतं तर, हा विचार त्यानंतर कितीतरी रात्री माझ्या मनातून गेला नाही.

दुकानातली फळी बनवताना सगळे विचारतात, ‘माल किती ठेवणार?’ माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की या फळीवर कोण रेलणार? घरातल्या फळीवर पाहुणा कोपर टेकत नाही. दुकानात गिऱ्हाईक टेकतं, पिशवी टेकवतं, लहान मुलं कडेला लोंबकळतात. म्हातारं माणूस उठताबसताना आधारासाठी पहिला हात फळीलाच घालतं. हा सगळा भार येतो तो अगदी पुढच्या कडेवर. तिथेच तो सगळ्यात घातक असतो.

याचा हिशेब शाळेतल्या तरफेइतकाच सोपा आहे. समजा, कडेवर एका हाताचा २५ किलो भार आला आणि तो एकाच ब्रॅकेटने पेलला. कड भिंतीपासून ४० सेंमी दूर. ब्रॅकेटच्या उभ्या पट्टीचा वरचा स्क्रू खालच्या टोकापासून १२ सेंमी वर. मग २५ ला ४० ने गुणून १२ ने भागायचं. वरच्या स्क्रूला भिंतीबाहेर खेचणारी ओढ निघते ८३ किलोंच्या आसपास. तोच भार भिंतीलगत असता तर ही ओढ नगण्य असती. उभी पट्टी दुप्पट लांब घेतली तर ओढ निम्मी होते. फळीची खोली ४० वरून ३० सेंमीवर आणली तर ती ६२-६३ किलोंवर येते. खोक्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा जोडीचा असतो, माल सारखा पसरलेला आहे आणि भिंत भक्कम आहे असं गृहीत धरलेला असतो. तो आकडा लोखंडाचा आहे, तुमच्या भिंतीबद्दल तो काहीच सांगत नाही.

आणि आमची मुख्य अडचण भिंतच होती. फळी पडल्यावर मी गावातल्या एका जुन्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी सुटलेल्या भोकात बोट घातलं, फिरवलं आणि म्हणाले, “वहिनी, ह्यो चिरा हाय. वीट समजून भोक पाडलंनी. ह्याच्या पोटात मातीच माती.” चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो सच्छिद्र असतो. एका ठिकाणी कडक लागतो, तर दोन बोटांवर मऊ मातीचा कप्पा निघतो. ठोका देणारं ड्रिल लावलं की भोक वाकडंतिकडं आणि गिट्टीपेक्षा मोठं होतं, प्लॅस्टिकची गिट्टी आत नुसती फिरत राहते. त्यात आमच्या भिंतीला २० मिमी गिलावा. स्क्रू ३५ मिमीचा, त्यातले ३ मिमी ब्रॅकेटच्या पट्टीत आणि २० गिलाव्यात गेले. चिऱ्यात उरले १२. गिलावा ओढ सहन करत नाही, म्हणजे ती फळी जवळजवळ कशालाच धरून नव्हती. स्क्रूची लांबी मोजताना गिलावा आधी वजा करायचा, हे बसवणाऱ्याला माहीत असायलाच हवं होतं.

मेस्त्रींनी काढलेला तोडगा मला आजही फार आवडतो. त्यांनी ब्रॅकेट भिंतीला लावलेच नाहीत. ४० मिमी चौकोनी लोखंडी पाइपचे खांब खाली लादीवर टेकवले आणि वर लाकडी तुळईला पक्के केले. भिंतीला ते फक्त चिकटून राहतील इतपत मधेमधे अडकवले. ब्रॅकेट त्या खांबांना आरपार नटबोल्टने कसले, मागे रुंद वायसर देऊन. आता मालाचं वजन सरळ जमिनीवर जातं. तोच २५ किलोचा हात कडेवर आला तर खांबाच्या माथ्यावर पडणारी ओढ १२ सेंमीने नव्हे, अडीच मीटर उंचीने भागली जाते. म्हणजे जेमतेम ४ किलो! ब्रॅकेट आणि खांबाच्या सांध्यावर ८३ किलो कायम राहतात, पण लोखंडाला लोखंड बोल्टने धरलेलं असताना तेवढ्याने काही होत नाही. जुन्या वाड्यातली, चिऱ्याची, मातीची किंवा जिप्समच्या पडदीची भिंत असेल तर मी डोळे मिटून हाच मार्ग सुचवेन.

विटेची भिंत असेल तर काम सोपं आहे. भोक सांध्यात नको, सबंध विटेत हवं, आणि गिलाव्यापलीकडे निदान ५० मिमी पकड मिळाली पाहिजे. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकमध्ये ड्रिलचा ठोका बंद ठेवायचा आणि त्या ब्लॉकसाठीच मिळणारी गिट्टी वापरायची. काँक्रीटचा खांब हाताशी असेल तर फळीची जागा त्याच्या सोयीने ठरवा.

आता घडीबद्दल. साधा ब्रॅकेट एकदा बसला की बसला. घडीचा ब्रॅकेट मात्र हलणारं यंत्र आहे आणि त्याची खीळ हा त्याचा जीव. समुद्राच्या खाऱ्या हवेत जस्ताचा पातळ मुलामा लवकर उडतो, स्प्रिंगवर गंज चढतो आणि खीळ अर्धवट बसते. लांबून बघितलं तर फळी सरळ दिसते, आत मात्र दात टोकावर टेकलेला असतो. म्हणून फळी उघडली की ‘खट्’ आवाज ऐकायचा, वाकून दोन्ही खिळा डोळ्यांनी बघायच्या, मग पुढची कड तळव्याने खाली दाबून बघायची. माल त्यानंतर. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्रत्येक बिजागरीत मशीन ऑइलचा एक थेंब सोडून जादाचं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर कागद डागाळतात. किनारपट्टीवर परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचेच ब्रॅकेट घ्यावेत.

बऱ्याच ब्रॅकेटची खीळ एका बोटाच्या दाबाने सुटते. बंद करायला हे सोयीचं, पण ती कळ नेमकी लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर येते. आम्ही प्रत्येक ब्रॅकेटला आरपार जाणारी एक जादा पिन साखळीने बांधून ठेवली आहे. पिन काढल्याशिवाय फळी मिटतच नाही. दोन ब्रॅकेटच्या बिजागऱ्या एका सरळ रेषेत आहेत ना, हेही बसवतानाच पाहावं लागतं. रेषा चुकली की घडी अडते, अडली की कामाला असलेला पोरगा तिला गुडघ्याने ढकलतो आणि रिव्हेटमध्ये खेळ तयार होतो. बिजागरीपाशी एका मिलिमीटरचा खेळ पुढच्या कडेला तिपटी-चौपटीने जाणवतो.

फळीच्या लाकडाबद्दल थोडंच सांगते. १८ मिमीचं चांगलं प्लायवूड पुरतं. भुशाच्या दाबलेल्या बोर्डात स्क्रू टिकत नाही आणि दमट हवेत तो फुगतो. ४ फुटी फळीला ब्रॅकेट अगदी टोकाला न लावता साधारण १० इंच आत घेतले तर मधली झोळ कमी होते. फळी यापेक्षा लांब असेल तर तिसरा ब्रॅकेट हवाच. तेच एकूण वजन दुप्पट अंतरावर पसरलं तर झोळ दुप्पट नाही, आठपट होते. आडवा पल्ला ब्रॅकेटच्या हातापेक्षा फार पुढे जाऊ देऊ नका, फळीच्या खोलीचा निदान दोनतृतीयांश भाग त्या हातावर यायला हवा. काचेचा मोह टाळा. १२ मिमी काच चौरस मीटरला ३० किलो भरते.

मालाचं वजन करून बघा, अंदाज फसवतो. ए-४ कागदाची ७५ जीएसएमची एक रीम २.३ किलोंची असते. दहा रीम शेजारी शेजारी ठेवल्या की २३ किलो झाले. हंगामात माळांसाठी उघडलेली फळी नंतर मिटायचा कंटाळा येतो, कुणीतरी तिच्यावर रीम रचतं आणि मग तिला कुणी खाली घेत नाही. आम्ही प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला रंगाने लिहून ठेवलंय, किती किलो आणि कुठला माल.

नवीन फळी तयार झाली की चाचणी घ्याच. ठरलेल्या वजनाच्या दीडपट रेतीच्या पिशव्या पुढच्या अर्ध्या भागात ठेवायच्या, कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून लिहायचं आणि रात्रभर तसंच सोडायचं. तोवर त्या बाजूला कुणी जाऊ नये. सकाळी अंतर कमी भरलं, तर नेमकं काय सरकलं ते शोधल्याशिवाय दुकान उघडू नका. रस्त्यावर, पायवाटेवर उघडणारी फळी मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. तिथून जाणाऱ्या माणसाने तुमच्या दुकानात यायचं ठरवलेलं नसतं, त्याला तिची इजा का व्हावी?

ब्रॅकेट आणायला जाल तेव्हा भिंत कशाची आहे, गिलावा किती जाड, फळी किती खोल आणि माल किती किलोंचा, हे चिठ्ठीवर लिहून न्या. बसवणाऱ्याने या चिठ्ठीकडे न बघताच ड्रिल हातात घेतलं, तर त्याला तिथेच थांबवा आणि दुसरा माणूस शोधा.