‘जर-तर’चा निबंध : एडिथ वाचली असती तर?



कल्पनाप्रधान निबंध शिकवताना आपल्या सगळ्यांचा अनुभव सारखाच असतो. फळ्यावर विषय लिहायचा, ‘सूर्य उगवला नाही तर...’ आणि सगळ्या वह्यांमध्ये तेच वाचायचं. आधी ‘किती मज्जा येईल! शाळेला सुट्टी, खूप झोपायला मिळेल.’ मग ‘पण झाडे मरून जातील.’ आणि शेवटी ‘नको रे बाबा, सूर्य उगवलाच पाहिजे!’ गाईडमधला हा साचा मुलांना पाठ असतो. शुद्धलेखन तपासून आपण दहापैकी सात गुण देतो. पण यात मुलाने स्वतः विचार कुठे केला?

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मला याचं उत्तर अगदी वेगळ्याच ठिकाणी सापडलं. माझा धाकटा भाऊ ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञान मालिकेचा वेडा आहे. त्याचे दोन मित्र घरी आले होते आणि जेवण होऊन ताटं सुकली तरी तिघं भांडतच होते. विषय काय, तर ‘एडिथ वाचली असती तर?’ मी आधी हसले. नंतर मात्र वही घेऊन त्यांच्यात जाऊन बसले.

आधी थोडी माहिती

‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. जीन रॉडनबेरी हे तिचे निर्माते. तेविसाव्या शतकात ‘एंटरप्राइज’ नावाचं अंतराळयान, कर्क हा त्याचा कप्तान, स्पॉक हा कानांना टोकं असलेला, तर्काने चालणारा अधिकारी आणि मॅकॉय हे डॉक्टर. पहिली मालिका तीन वर्षांत, ७९ भागांनंतर बंद पडली. पण चाहत्यांनी ती सोडली नाही. मालिका चालू असतानाच त्यांनी हाताने मासिकं काढली, ती बंद होऊ नये म्हणून पत्रांची मोहीम चालवली आणि १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेळाव्याला हजारोंनी गर्दी केली. या चाहत्यांना ‘ट्रेकी’ म्हणतात. त्यांचा आवडता उद्योग म्हणजे ‘असं झालं असतं तर?’ यावर वाद घालणं.

ज्या भागावर सर्वात जास्त वाद होतो, त्यातला हा एक ६ एप्रिल १९६७ रोजी दाखवला गेला. लेखक हार्लन एलिसन. गोष्ट अशी : चुकून टोचल्या गेलेल्या औषधाने भ्रमिष्ट झालेला मॅकॉय एका काळद्वारातून उडी मारून भूतकाळात जातो आणि तिथे असं काहीतरी करतो की सगळा इतिहासच बदलतो. एंटरप्राइज यानच नाहीसं होतं! ते दुरुस्त करायला कर्क आणि स्पॉक १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचतात. मंदीचा काळ. एडिथ कीलर नावाची एक बाई बेकारांना सूप आणि निवारा देत असते. कर्क तिच्या प्रेमात पडतो. मग स्पॉकला कळतं, की एडिथ अपघातात मेली तर इतिहास नीट राहतो. ती वाचली तर तिची शांतता चळवळ इतकी वाढते की अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरते, जर्मनी आधी अणुबॉम्ब बनवतो आणि जिंकतो. शेवटी ट्रक येतो, मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्कच त्याला धरून ठेवतो.

चाहते भांडतात म्हणजे नेमकं काय करतात?

एक म्हणाला, ‘तिला भविष्यात सोबत का नाही नेलं? १९३० मधून ती गेली म्हणजे झालं!’ दुसरा म्हणाला, ‘मरणं आणि बेपत्ता होणं एकच आहे का? तिची माणसं तिला शोधत बसली असती, तर त्यातून आणखी काही बदललं नसतं कशावरून?’ तिसऱ्याने आठवण करून दिली, की त्याच भागात एक फिरस्ता मॅकॉयचं शस्त्र चोरतो आणि चुकून स्वतःच नाहीसा होतो. त्याने तर इतिहास बदलला नाही! मग एका माणसाने सगळं बदलतं आणि दुसऱ्याने काहीच नाही, असं असतं का? हा प्रश्न ऐकून मी सुद्धा गप्प झाले. कोणाच्याही जाण्याने काहीच बदललं नाही असं म्हणणं बरोबर वाटेना.

मग गाडी खऱ्या इतिहासावर आली. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला ७ डिसेंबर १९४१ ला आणि चारच दिवसांनी जर्मनीने स्वतःहून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. मग एडिथची चळवळ अमेरिकेला थांबवणार कशी? शिवाय जर्मनीतले कितीतरी शास्त्रज्ञ आधीच देश सोडून गेले होते. जड पाणी मिळायचं तो नॉर्वेमधला कारखाना नॉर्वेच्याच सैनिकांनी १९४३ साली उडवला. यावर दुसरा म्हणाला, ‘अरे, पण एडिथची चळवळ १९३६ पासून वाढली असती, तर तोवर जपान-अमेरिका संबंधही वेगळे असते ना!’

बघा, गोष्ट खोटी, पण भांडणासाठी तिघांनी इतिहास वाचला होता. आपल्याकडेही हे आहेच. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते आणि पुढचा हिंदुस्थान बदलतो. बदल फक्त एका गोळीचा!

वर्गात काय केलं

सप्टेंबरमध्ये पाचवीच्या वर्गाला एडिथची गोष्ट सांगितली आणि निबंधासाठी चार नियम दिले :

१. एकच गोष्ट बदलायची. बाकी जग आहे तसंच ठेवायचं.

२. ‘म्हणून’ची साखळी जोडायची. निदान पाच कड्या. उडी मारायची नाही.

३. जे खरं आहे ते विचारून, वाचून तपासायचं.

४. शेवटी स्वतःच्याच निबंधाला एक अडचणीचा प्रश्न विचारायचा.

व्याकरणही सोबत झालं. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हा संकेतार्थ मुलांना परीक्षेपुरता येतो. इथे त्यांना तो वापरावा लागला. ‘पडला तर’ म्हणजे अजून आशा आहे आणि ‘पडला असता तर’ म्हणजे वेळ गेली, हा फरक एका मुलाने स्वतःहून सांगितला. विषय मुलांनीच निवडले. ‘गावात टॉवर आला नसता तर’, ‘आमची म्हैस विकली नसती तर’. म्हशीच्या निबंधात दुधाचा हिशोब होता, तो मी घरी जाऊन पडताळला. बरोबर निघाला.

एका मुलीचा निबंध मात्र मी दोनदा वाचला. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती पण जाते. तिने विषय घेतला होता, ‘मी आजीजवळ राहिले तर’. साखळी अशी होती :

‘मी राहिले तर माझी शाळा बुडणार नाही. पण फडावर बाळाला धरायला कोणी नसेल. म्हणून आई कोपीवर थांबेल. म्हणून कोयता अर्धाच चालेल. म्हणून उचल फिटणार नाही. म्हणून पुढच्या वर्षी पण जावं लागेल.’ आणि चौथ्या नियमाप्रमाणे शेवटी प्रश्न, ‘मग माझी शाळा वाचली का?’

मी तिच्या वडिलांना दोन वर्षं सांगत होते, ‘पोरीला ठेवा इथे, सगळं चांगलं होईल.’ ते मान हलवायचे आणि घेऊन जायचे. मला वाटायचं, त्यांना शिक्षणाची किंमत नाही. बाळाला कोण धरणार, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझी साखळी पहिल्याच कडीवर संपत होती.

मग आम्ही प्रश्न बदलला. ‘दोघंही आजीजवळ राहिले तर?’ आजी शाळेत आली, बसली, ऐकून घेतलं. म्हणाली, ‘बाई, पोरगी राहू दे, पण दीड वरसाचं लेकरू मला झेपायचं नाही.’ तिचंही खरंच होतं. मुलगी या वर्षीही गेली. जाताना मी तिला शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकांशी बोलले आणि पुस्तकांसोबत एक कोरी वही दिली. रविवारी संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन येतो. परवा ते स्वतःच म्हणाले, ‘मॅडम, पुढच्या साली लेकरू मोठं होईल, अंगणवाडीत बसंल. तवा बघू.’ ‘बघू’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

पालकांना एक विनंती. घरी मूल ‘असं झालं तर?’ म्हणत मागे लागलं, तर ‘गप्प बस’ म्हणू नका. ‘मग पुढे काय होईल?’ एवढंच विचारा. पाच वेळा विचारा. आणि शिक्षक मित्रांनो, हे चार नियम तुमच्या वर्गात करून बघा आणि मुलांनी कोणते विषय निवडले ते मला नक्की कळवा.