ओल्या वाळूचा शोध: टोळ सर्वेक्षणात उपग्रहीय रडार

२७ जून २०२० रोजी वाळवंटी टोळांच्या थव्यांनी गुरुग्रामचे आकाश झाकोळले. त्यापूर्वी महिनाभर अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शी आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात थवे उतरले होते. थवा दिसल्यानंतर डबे वाजविणे व फवारणी करणे अटळ असते. तथापि टोळांचे नियंत्रण सर्वांत सुलभ असते ते पिल्लांना पंख फुटण्यापूर्वी. पिल्ले कोठे निघतील, हे मातीतील ओलाव्यावर अवलंबून असते.

टोळाची मादी पोटाचे टोक जमिनीत खुपसून ओल चाचपते आणि पुरेशी ओल मिळाली तरच साधारणतः १० ते १५ सेंमी खोलीवर अंडीपुंज घालते. अंडी भोवतालच्या मातीतून पाणी शोषून वाढतात. उष्ण हवामानात सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात. २०१८ च्या मे महिन्यात ‘मेकुनु’ आणि ऑक्टोबरमध्ये ‘लुबान’ या चक्रीवादळांनी अरबस्तानातील रुब अल-खालीच्या निर्जन वाळवंटात पाऊस पाडला. तेथे कोणाच्या नजरेस न येता टोळांच्या पिढ्या वाढत गेल्या. पुढील उद्रेकाचे मूळ त्या ओल्या वाळूत होते.

भारतात फरीदाबाद येथील वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवणूक संचालनालयाच्या अखत्यारीतील टोळ इशारा संघटनेकडे सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर वाळवंटी क्षेत्राच्या देखरेखीचे काम आहे. एवढा प्रदेश जीपने पालथा घालणे अशक्यच. प्रथम कोठे जावे, हे सुचविणे हे रडारचे खरे काम होय.

रडार उपग्रह स्वतः सूक्ष्मतरंग सोडतो व परत येणारा अंश मोजतो. त्यामुळे त्याला ढग वा रात्र यांचा अडथळा होत नाही. कोरड्या मातीचा विद्युत-अपार्यता स्थिरांक ३ ते ४, तर पाण्याचा सुमारे ८० असतो. म्हणून माती भिजली की परावर्तन वाढते. साचलेले पाणी मात्र आरशासारखे वागून तरंग दुसरीकडे वळविते आणि प्रतिमेत काळे दिसते. रोवणीच्या वेळी काळे दिसणारे खाचर फुटवे वाढताच उजळ होत जाते. नवी दिल्लीतील पुसा परिसरात २०१२ मध्ये सुरू झालेले महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र भाताच्या क्षेत्राच्या अंदाजासाठी रडार प्रतिमांचा उपयोग करते. पावसाळी ढगांतून पाहू न शकणाऱ्या साध्या कॅमेऱ्याला हे साधत नाही.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून प्रक्षेपित झालेल्या ‘निसार’ या भारत-अमेरिका संयुक्त उपग्रहावर एल आणि एस अशा दोन पट्ट्यांची रडारे आहेत. सुमारे २४ सेंमी तरंगलांबीचा एल पट्टा विरळ झुडपांतून आणि पिकाच्या पानांतून जमिनीपर्यंत अधिक चांगला पोहोचतो. उपग्रहाचे परिभ्रमण दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर येते. अंड्यांचा काळ दोन आठवड्यांचा असल्याने नकाशा हाती येण्यास झालेला विलंब येथे महागात पडू शकतो.

रडारच्या नकाशावर डोळे झाकून विसंबणे योग्य नाही. तो मुख्यतः वरच्या काही सेंटिमीटरमधील ओल सांगतो. अंडी त्याखाली असतात. नांगरटीने आलेला खडबडीतपणाही परावर्तन वाढवितो, आणि नांगरलेले कोरडे रान ओले भासू शकते. ‘निसार’च्या मृदा-ओलावा नकाशातील एक चौकट २०० मीटरची, म्हणजे सुमारे १० एकरांची असते. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने तिच्यावरून आपल्या रानाची पाळी ठरवू नये. गटाच्या वा गावाच्या पातळीवर मात्र ती उपयोगी आहे.

म्हणून नकाशात ओल दिसलेल्या ठिकाणी खुरप्याने १५ सेंमी खोल खणून, वरची व खालची माती निरनिराळी मुठीत दाबून पाहावी. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि रान नांगरलेले आहे की नाही, याची नोंद ठेवावी. ‘निसार’ सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास वरून जातो. पहाटेचे दव पिकावरील परावर्तन बदलते, तेव्हा दव होते का, तेही लिहावे.

महाराष्ट्रात हुमणीसाठी हीच पद्धत अजमावण्याजोगी आहे. वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर जमतात. वळीव मात्र एका शिवारात कोसळतो आणि शेजारचे शिवार कोरडे ठेवतो. तालुक्याच्या एका पर्जन्यमापकावरून ते कळत नाही. कोणत्या गावांची माती भिजली हे नकाशावरून वेळेत कळले, तर झाडे हलवून भुंगेरे गोळा करण्याची सामुदायिक मोहीम त्याच गावांपासून सुरू करता येईल, म्हणजे माद्या अंडी घालण्यासाठी पुन्हा जमिनीत शिरण्यापूर्वी.