सायकलीची रिंग घरी रंगवताना



खताची पोती सायकलीवरून नेताना सांडलेले खत आणि पाटाचे पाणी रिंगेवर राहते व लोखंडी रिंग लवकर गंजते. ती घरच्या घरी रंगवता येते. मात्र आम्ही खाली दिलेला क्रम सोडू नये.

१) चाक काढून टायर-ट्यूब उतरवा. रिंग साबणाने धुऊन पुरती वाळवा.

२) काचपेपरने गंज काढा. चकचकीत मुलाम्यावर रंग धरत नाही, तोही घासून खरबरीत करा. मग थिनरच्या फडक्याने पुसा.

३) रेड ऑक्साईडचा एक हात द्या. तो वाळल्यावर ऑईलपेंटचे २ पातळ हात द्या. जाड रंग ओघळतो.

४) ब्रेकचे रबर घासते ती पट्टी कोरीच ठेवा. दांडीच्या ब्रेकला ती हबकडील बाजूस असते, वायरच्या ब्रेकला रिंगेच्या दोन्ही कडांना. रंगावर रबर घसरते, आणि पोते लादलेली सायकल उतारावर आवरत नाही. या पट्टीला तेलही लावू नये, कोरडे फडके फिरवावे.

घासताना भोक पडले किंवा पत्रा पातळ दिसला, तर रिंग बदलावी. रंगाने ताकद येत नसते. रंग पक्का वाळल्यावर मोकळ्या सायकलीवर ब्रेक तपासावा, मगच ओझे लादावे.