शनिवार-रविवारचा युरोप : भटकंतीचा ताळेबंद

जर्मनीतील विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबर महिन्यात सुरू होते. जबलपूरच्या नेपियर टाऊन किंवा राइट टाऊन भागातील एखाद्या मराठी घरातून मुलगा अथवा मुलगी उच्च शिक्षणासाठी तिकडे रवाना होते, तेव्हा घरातील मंडळींची पहिली काळजी जेवणाची असते आणि दुसरी थंडीची. तिसरी काळजी डिसेंबरच्या सुमारास उद्भवते. मोबाइलवर छायाचित्रे येऊ लागतात. एका रविवारी ब्रुसेल्स, पुढच्या रविवारी ॲम्स्टरडॅम, नाताळाच्या सुट्टीत पॅरिस! घर तारण ठेवून काढलेले कर्ज अभ्यासासाठी होते की सहलींसाठी, असा प्रश्न वडिलांच्या मनात आल्यास त्यात नवल नाही. आईला प्रश्न पडत नाही; ती छायाचित्रे नातेवाइकांना दाखविते.

हा प्रश्न रागावून सुटत नाही. तो हिशेबाने सुटतो, आणि त्यासाठी आधी तेथील अंतरे समजून घ्यावी लागतात.

उदाहरणादाखल आखेन हे शहर घेऊ. तेथील तंत्र विद्यापीठ १८७० साली सुरू झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले, हा योगायोग जबलपूरकरांना आवडावा. आखेन जर्मनीच्या पश्चिम टोकाला आहे. शहरापासून काही किलोमीटरवर फाल्सरबर्ग नावाची ३२२ मीटर उंचीची टेकडी आहे. तेथे जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तिन्ही देशांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. जबलपूरकर कुटुंब रविवारी दुपारी डबा घेऊन भेडाघाटला जाते, तितक्या सहजतेने आखेनचा विद्यार्थी तीन देशांत पाय ठेवून संध्याकाळी वसतिगृहात परत येऊ शकतो. जबलपूरहून नागपूर सुमारे २७० किलोमीटर आहे. आखेनहून ब्रुसेल्स त्याच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे. म्हणजे छायाचित्रात दिसणारा 'परदेश' हा पुष्कळदा शेजारचा जिल्हा असतो.

या परिसरात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आखेनच्या कॅथेड्रलमध्ये सम्राट शार्लमेन याचे दफनस्थान आहे. इ. स. ८१४ मध्ये मृत्यू पावलेल्या या राजाने आठव्या शतकाच्या अखेरीस चांदीच्या चलनाची घडी बसविली आणि एक पौंड चांदीची २४० नाणी, असे प्रमाण रूढ केले. इंग्लंडमध्ये पौंडाचे २४० पेन्स हा हिशेब १९७१ पर्यंत चालला. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे १९५७ साली इतिहासजमा झाले, हे ज्येष्ठ वाचकांस स्मरतच असेल. आखेनपासून सुमारे तीस किलोमीटरवर डच शहर मास्ट्रिख्ट आहे. युरोपीय संघाच्या करारावर ७ फेब्रुवारी १९९२ रोजी तेथेच सह्या झाल्या आणि समान चलनाचा मार्ग मोकळा झाला. १ जानेवारी १९९९ पासून युरो हिशेबात आला, आणि नोटा-नाणी १ जानेवारी २००२ पासून लोकांच्या हातात आली. अडीच दिवसांच्या मोकळ्या वेळात चलनाच्या इतिहासाची दोन टोके पायी पाहता यावीत, ही संधी ग्रंथालयात मिळत नाही.

कोलोनला गाडी बदलून बॉनला जाता येते. मध्य प्रदेशातील महू येथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास करीत असताना काही काळ बॉन विद्यापीठाकडेही वळले होते. रुपयाच्या विनिमय दरावरील त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. घरून आलेल्या रुपयांचे युरो किती झाले, हे मोजणाऱ्या विद्यार्थ्याने तो चाळावा, असे सुचविण्यात कसलाही अतिरेक नाही.

एकच परवाना, अनेक देश

लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या गावी, नदीतील एका बोटीवर, १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी परस्परांच्या सीमांवरील तपासणी हळूहळू उठविण्याचा करार केला. त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी मार्च १९९५ मध्ये सुरू झाली. १ जानेवारी २०२५ रोजी बल्गेरिया व रुमानिया पूर्णपणे सामील झाल्यावर या क्षेत्रातील देशांची संख्या २९ झाली. जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा अथवा निवास परवाना असलेल्या विद्यार्थ्याला क्षेत्रातील इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येते. शनिवार-रविवारपुरत्या भटकंतीला ही मर्यादा पुरून उरते.

तथापि येथे एक गल्लत नेहमी होते. शेंगेनचे वर्तुळ, युरोपीय संघाचे वर्तुळ आणि युरो चलनाचे वर्तुळ ही तीन वर्तुळे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण संघात नाही आणि तेथे फ्रँक चालतो. आयर्लंडमध्ये युरो चालतो, पण तो देश शेंगेनबाहेर असल्याने वेगळा व्हिसा लागतो. चेक प्रजासत्ताक, पोलंड व हंगेरी शेंगेनमध्ये असून त्यांची चलने स्वतंत्र आहेत. ब्रिटन तिन्हींच्या बाहेर आहे. 'युरोपात सगळीकडे चालते' या ऐकीव भरवशावर डब्लिनचे विमान-तिकीट काढणाऱ्याचे पैसे वाया जातात.

सीमा खुल्या आहेत याचा अर्थ कागदपत्रे घरी ठेवावीत असा नव्हे. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरत्या स्वरूपाची तपासणी पुन्हा सुरू केली आणि नंतर तिची मुदत वाढविली. गाडीत पोलीस येतात तेव्हा मूळ पारपत्र व निवास परवाना दाखवावा लागतो, मोबाइलमधील छायाचित्र चालत नाही. व्हिसाची मुदत संपली आहे आणि निवास परवान्याचे कार्ड अद्याप हाती आलेले नाही, असा एक नाजूक काळ काही विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. त्या काळात मिळणाऱ्या तात्पुरत्या कागदावर देशाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात विचारून घेणे अत्यावश्यक आहे. एका सहलीसाठी संपूर्ण शिक्षण पणाला लावण्यासारखे पॅरिसमध्ये काही नाही.

विम्याचेही तसेच आहे. जर्मनीतील सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कार्डाची मागील बाजू इतर युरोपीय देशांत तातडीच्या उपचारांसाठी उपयोगी पडते. परंतु युरोपीय संघाबाहेरील नागरिकांना ती सवलत स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे अशा काही देशांत लागू होत नाही. आल्प्सच्या बर्फात पाय मुरगळला तर खर्च खिशातून करावा लागतो. स्वित्झर्लंडला जाताना त्या चार दिवसांचा वेगळा प्रवास विमा घेणे हाच स्वस्त मार्ग होय.

कर्जाच्या पैशाने?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत शुल्क, वसतिगृह, पुस्तके, संगणक व परदेश प्रवासाचे भाडे यांच्यासोबत अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी लागणारा 'अभ्याससहल, प्रकल्प, प्रबंध' असा खर्चही धरलेला आहे. अभ्याससहल म्हणजे विभागाने नेमून दिलेली सहल. मित्रांसमवेत ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांत नौकाविहार करणे तीत बसत नाही, मग विषय जलसंपदा असला तरी!

अडचण अशी की, एकदा पैसा तेथील खात्यात गेला की तो कोणत्या कारणासाठी खर्च झाला, हे कोणी विचारीत नाही. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी रोखून ठेवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो जमा दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) आणि त्यातून दरमहा ९९२ युरो हाती येतात. खोलीचे भाडे, विमा, किराणा, फोन व सत्राचे शुल्क वजा जाता साधारण शंभर-दीडशे युरो उरतात. ही शिल्लक सहलींची आहे असे विद्यार्थ्याला वाटते. वस्तुतः ती हिवाळी कोटाची, दंतवैद्याची आणि पुढील सत्राच्या शुल्काची असते.

कर्जातील १,००० युरो सहलींवर गेले, असे समजू. सोयीसाठी एका युरोस १०० रुपये हा दर धरला, तर मुद्दल १ लाख रुपये झाले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष, अशा तीन वर्षांचे १० टक्के दराने सरळव्याज ३० हजार. मग १ लाख ३० हजारांची दहा वर्षांत परतफेड करावयाची, तर मासिक हप्ता सुमारे १,७१८ रुपये आणि एकूण भरणा २ लाख ६ हजारांच्या घरात जातो. म्हणजे ॲम्स्टरडॅमची जी कॉफी चार युरोंना प्यायली, ती जबलपूरच्या घराने आठ युरोंना विकत घेतली. पालकांनी शिक्षणकाळातच दरमहा सरळव्याज भरत राहिल्यास हा बोजा बराच हलका होतो. आदर्श योजनेत अशा वेळी व्याजदरात एक टक्का सवलतीचीही तरतूद आहे. आपल्या शाखेत त्याविषयी अवश्य विचारावे.

म्हणून नियम साधा ठेवावा : भटकंती विद्यार्थ्याच्या स्वकमाईतून. १ मार्च २०२४ पासून जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यास वर्षात १४० पूर्ण दिवस अथवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो झाले आहे. सत्तर युरोंची सहल म्हणजे सुमारे पाच तासांचे काम. बर्लिनला जाण्यासाठी किती तास भांडी विसळावी लागतील, हे एकदा उमगले की कोठे जावे आणि कोठे जाऊ नये याचा निर्णय मुले आपणहून करतात. वडिलांच्या पत्राची गरज उरत नाही.

सत्तर युरोंत काय होते, असा प्रश्न साहजिक आहे. बऱ्याच विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच देशभर चालणारे सवलतीचे तिकीट मिळते. २०२४ च्या उन्हाळी सत्रात ते सुरू झाले तेव्हा त्याचा दर दरमहा २९.४० युरो होता. ते फक्त प्रादेशिक गाड्यांना चालते. चुकून जलदगती गाडीत बसल्यास दंड ६० युरोंपासून सुरू होतो. या तिकिटावर सावकाश गाड्यांनी शनिवारी ट्रियर गाठावे, तेथील रोमन काळातील पोर्टा निग्रा हे द्वार पाहावे आणि रात्र युवा वसतिगृहात काढावी. युवा वसतिगृहांची कल्पना रिखार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची. १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी वसतिगृह सुरू झाले. रविवारी लक्झेंबर्ग. तेथे मार्च २०२० पासून देशांतर्गत बस, ट्राम व दुसऱ्या वर्गाची रेल्वे सर्वांना विनामूल्य आहे. सीमेवरील लहानशा टप्प्याचे तिकीट मात्र आधी तपासून घ्यावे. पिशवीत घरचे थालीपीठ असेल, तर सत्तरातले काही युरो परतही येतात.

निवास परवान्याचे मोल आणखी एका ठिकाणी कळते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील पाहुण्यांसाठी प्रवेश ३२ युरो केला. पण त्या क्षेत्रात राहणाऱ्या २६ वर्षांखालील तरुणांना तो विनामूल्य आहे, आणि निकष निवासाचा आहे, नागरिकत्वाचा नव्हे. इंटररेलच्या पासचेही तसेच. १९७२ साली सुरू झालेला हा पास युरोपात वास्तव्य असणाऱ्यांसाठी असल्याने तेथे राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यासही मिळतो. स्वस्त विमान तिकिटाबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की 'फ्रँकफर्ट-हान' विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे.

युरोबाहेरच्या देशात कार्ड वापरताना यंत्र विचारते : रक्कम स्थानिक चलनात हवी की आपल्या? आपले चलन पाहून हायसे वाटते, पण त्या पर्यायात विनिमयाचा दर यंत्रवाला ठरवितो आणि तो बहुधा महाग पडतो. स्थानिक चलनच निवडावे. प्रागच्या रस्त्यावरील एखाद्या विनिमय केंद्राने वाईट दर लावलाच, तर एप्रिल २०१९ पासूनच्या चेक कायद्यानुसार १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून मागता येतो. पावती जपून ठेवावी.

काही कामे मात्र जबलपूर सोडण्यापूर्वीचीच आहेत. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. त्यामुळे त्याचे येथील बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात बदलून घ्यावे लागते. पालकांनी स्वतःच्या बचतीतून पैसे पाठविल्यास १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस लागत नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेवर तो मुळीच नाही. खात्याला जोडलेला भारतीय मोबाइल क्रमांक चालू राहील अशी व्यवस्था करावी, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. घरच्या कोणाच्या दराजात पडलेल्या सिमकार्डावर तो आला, तर रविवारी रात्री ट्रियरच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही.