जुन्या गोव्याला जाण्याआधी

चि. निखिल,

मंगेशीचा अभिषेक आटोपल्यावर मुलांना जुन्या गोव्यातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय दाखवायचा बेत वहिनींनी फोनवर सांगितला. स्वर जरा नाराजीचाच होता. "ज्यांच्यामुळे देव हलवावा लागला, त्यांच्या वस्तू बघायला तिकीट काढायचं?" असं म्हणाल्या. हा प्रश्न तू हसण्यावारी नेशील अशी मला धास्ती आहे, म्हणून लिहायला बसले.

वहिनी चुकीचं बोलत नाहीत. आपला मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. 1560च्या सुमारास पूर्वजांनी त्याला जुवारीपलीकडे प्रियोळला नेलं. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या हातात नव्हता. 1560 सालीच गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं आणि मधला थोडा खंड सोडला तर 1812पर्यंत टिकलं. मुलांपासून यातलं काही लपवू नकोस. मात्र सांगशील तर पुरतं सांग. इन्क्विझिशनचा जाच मुख्यतः झाला तो नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना. बाटल्यावरही घरातल्या जुन्या चालीरीती सुटल्या नाहीत, हाच त्यांचा गुन्हा. तेव्हा संग्रहालयात शेजारी एखादं गोंयकार ख्रिस्ती कुटुंब उभं असेल, तर ते त्या सोसलेल्यांच्या वंशातलं असू शकतं, एवढं भान ठेव आणि बोलताना आवाज बेताचा ठेव. तुझा आवाज मला ठाऊक आहे.

संग्रहालय सांता मोनिकाच्या मठात आहे. 1606 साली बांधायला घेतलेला हा जोगिणींचा मठ. आधी, 1994 साली, ते राशोलच्या सेमिनरीत उघडलं आणि 2002 साली इथे आलं. मध्यंतरी दुरुस्तीसाठी बरेच दिवस बंद होतं, 2022पासून पुन्हा सुरू आहे. राशोल हे नाव मुलांच्या कानावर घाल. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध रचलेलं 'क्रिस्तपुराण' 1616 साली तिथेच छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. ज्ञानेश्वरीच्या वळणाने ख्रिस्ताची कथा सांगावी असं एका परदेशी पाद्र्याला का वाटलं असेल, हे मुलीला विचार. ती मराठीला कंटाळते ना, तिलाच विचार.

आत गेल्यावर प्रत्येक कपाटापुढे पाटी वाचत उभं राहू नकोस, मुलं दहा मिनिटांत बाहेर पळतील. चांदीचा पेलिकन पक्षी आधी गाठ. पवित्र भाकरीसाठी सतराव्या शतकात घडवलेलं ते पात्र आहे. पेलिकन चोचीने आपली छाती फोडून पिलांना रक्त पाजतो अशी समजूत होती, म्हणून तो ख्रिस्ताचं प्रतीक झाला. मग हस्तिदंती मूर्ती. या मूर्ती नुसत्या बघून पुढे जाऊ नका, चेहरे न्याहाळा. गोव्यात घडलेल्या हस्तिदंती 'उत्तम मेंढपाळा'चा, म्हणजे मेंढपाळाच्या रूपातल्या येशूचा, एक ठरलेला घाट आहे. बाळ येशू गालाला हात लावून डोळे मिटून बसलेला असतो. त्याच्याकडे बघून कुणाला ध्यानस्थ बुद्ध आठवतो, कुणाला बाळकृष्ण.

ही कोरणी कुणाची? बहुतेक इथल्याच कारागिरांची, आणि त्यातले कित्येक हिंदू. 1567च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने ख्रिस्तेतर कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करवून घ्यायला मनाई केली होती. तरी काम चालूच राहिलं, कारण हात त्यांच्याचकडे होते. माझं मत विचारशील तर सगळ्या संग्रहालयात हीच गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. देव हलवणारे आणि पलीकडच्या देवाची मूर्ती कोरणारे एकाच मुलखातले, कदाचित एकाच गावचे. कोरणाऱ्याने ते पोटासाठी केलं, धाकाने केलं की कामाची गोडी म्हणून, ते मूर्तीवर लिहिलेलं नाही. तूही तिथे उभा राहून निकाल देऊ नकोस.

वेळ उरला तर सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रं आणि आपल्याकडचे वीरगळ एकाच छपराखाली आहेत. धाकट्याला वीरगळ आवडतील, त्यांवर लढाई असते. व्हाइसरॉयांचे चेहरे सगळे सारखेच वाटतात, तिथे फार रेंगाळू नका.

आता क्रमाचं. वहिनी दर्शन आधी म्हणतील, ते मोडू नकोस. पण संग्रहालय झाल्यावर मुलांना पुन्हा मंगेशीला ने, रस्ता काही लांबचा नाही. या वेळी गाभाऱ्यापाशी गर्दी करू नका. बाहेर उभं राहून घुमट, कमानी आणि खिडक्या बघा. चर्चच्या बांधणीतलं काय काय आपल्या देवळात येऊन बसलंय, ते मुलांना शोधू दे. वहिनींनाही सोबत घे. दीपमाळेजवळ बसायला जागा असते, आणि गुडघे दुखले तरी त्या कबूल करणार नाहीत.



तुझी आत्या