आणेवारीच्या आकड्यापलीकडे

ट्रिपल निगेटिव्ह या स्तनकर्करोगाविषयी आमच्या नांदेड-लातूर पट्ट्यात जी कुजबुज चालते, तिच्यात आकडा एकच असतो आणि तोही ऐकीव. कोणाची मावसबहीण वर्षात गेली, कोणाची जाऊ दीड वर्षात, एवढ्या पुराव्यावर निकाल जाहीर होतो. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून माझी उभी हयात आकड्यांच्या दप्तरात गेली, आणि पन्नाशीच्या अलीकडेच हा रोग माझ्याच अंगी निघाला, म्हणून त्या आकड्यांची छाननी करण्याचा अधिकार मला दुहेरी प्राप्त झाला आहे, असे मी समजते.

कर्करोगाच्या पेशींवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन अथवा हर-टू यांचे रिसेप्टर सापडले, तर त्यांवर नेम धरणारी औषधे देता येतात. तिन्ही नसले की तो मार्ग खुंटतो आणि भिस्त मुख्यतः केमोवर राहते. पाश्चात्त्य देशांत स्तनकर्करोगाच्या १०० रुग्णांत असे १० ते १५ आढळतात. भारतात हे प्रमाण त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि त्यांत तरुण स्त्रियांचा भरणा अधिक. आता हयातीचे आकडे पाहावेत. अमेरिकेतील नोंदींप्रमाणे रोग स्तनापुरता असताना निदान झालेल्यांपैकी पाच वर्षांनी १०० मध्ये सुमारे ९० हयात असतात, काखेतील गाठींपर्यंत पोचलेल्यांपैकी सुमारे ६६, आणि फुप्फुस, यकृत अशा दूरच्या इंद्रियांत पसरलेल्यांपैकी १२ ते १५. एकाच नावाखाली अशी तीन भिन्न भवितव्ये नांदत असताना त्यांची सरासरी काढून ती एखाद्या बाईच्या कपाळी लिहिणे म्हणजे साऱ्या गावाची आणेवारी ऐकून माझ्या गट नंबरातले पीक ठरवण्यासारखे होय.

माझी गाठ दुखत नव्हती, आणि न दुखणाऱ्या गाठीला आपल्याकडे कोणी जुमानत नाही. एका रुग्णालयात, ज्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, ती साधी गाठ असावी अशा समजुतीने सुईची बायोप्सी न करताच कापून काढण्यात आली, आणि काढलेला तुकडा फॉर्मॅलिनऐवजी सलाईनच्या बाटलीत घालून, तपासणीस पोचवा म्हणून, माझ्या भावाच्या हाती देण्यात आला. ऊतक वेळेत फॉर्मॅलिनमध्ये पडले नाही, तर रिसेप्टर असूनही ते नाहीत असा अहवाल येऊ शकतो. म्हणजे जो निकाल पुढील सर्व उपचारांचा पाया, तोच संशयास्पद ठरला. काखेत उरलेल्या गाठीची नव्याने बायोप्सी झाली, अहवाल पुन्हा तिन्ही नकारांचाच आला, आणि मधले आठवडे फुकट गेले. शिवाय, केमो आधी देऊन मूळ गाठ कितपत विरघळते हे पाहण्याची जी संधी मला हवी होती, ती गाठच काढून टाकल्यामुळे अर्धीअधिक हातची गेली; मोजमापाला उरली ती काखेतली गाठ.

ही संधी इतकी मोलाची का, ते विस्ताराने सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण अनुमानाचे खरे बीज तेथेच आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोने गाठ समूळ नाहीशी झाली, काढलेल्या ऊतकात जिवंत कर्कपेशी उरली नाही, तर रोग परतण्याचे भय पुष्कळच कमी होते. अंश उरला तरीही वाट संपत नाही: जपान व कोरियातील स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घेतलेल्या अशा रुग्णांत पाच वर्षांची हयात ७० वरून ७९ टक्क्यांच्या घरात गेली. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०२२ च्या अखेरीस मांडलेल्या चाचणीत, कार्बोप्लॅटिन हे जुने आणि तुलनेने स्वस्त औषध जोडल्याने पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांची पाच वर्षांची हयात सुमारे ६६ वरून ७७ टक्क्यांवर पोचली. पन्नाशीपुढे मात्र तसा लाभ दिसला नाही. इम्युनोथेरपीही आता आली आहे, पण तिची किंमत ऐकून आमच्याकडील शेतकरी कुटुंबाने हबकावे, अशी आहे.

कार्बोप्लॅटिन मलाही मिळाले. मत मुंबईला घेतले आणि आवर्तने लातुरातच पार पाडली. त्या काळात माणसे विचारपूस करायला येत आणि नजरेने पंचनामा करून जात. एका दूरच्या आप्ताने तर केमो सोडून जडीबुटी घ्यावी असा आग्रह धरला. आवर्तनांच्या मध्येच उपचार सोडून अशा औषधाच्या नादी लागलेल्या एका बाईची गत मला ठाऊक होती, तेव्हा त्या आग्रहाला मी रुकार दिला नाही.

या रोगाचा एक स्वभाव मात्र लोकांच्या कानी कधीच जात नाही. तो परतायचा असेल, तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत परततो. पाच वर्षे उलटली की धोका झपाट्याने ओसरतो, तर हार्मोनवर वाढणारा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढू शकतो. म्हणून त्या पहिल्या वर्षांत तपासणीची एकही तारीख चुकवू नये, आणि त्या ओलांडल्यावर भीतीला घरात कायमचे बिऱ्हाड थाटू देऊ नये.

ज्या भगिनीला गाठ लागली असेल तिने बायोप्सीआधी सुरी लावू देऊ नये. अहवालाबरोबर पॅराफिनचा ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्याव्यात, हर-टूचा निकाल दोन प्लस आला तर फिशची तपासणी करून घ्यावी, आणि किती दिवस उरले हे विचारण्याआधी स्टेज कोणती, काखेत काय, आणि केमो आधी का नंतर, हे विचारावे. ट्रिपल निगेटिव्हच्या रुग्णाने बीआरसीए जनुकाची रक्ततपासणीही टाळू नये; तिचा निकाल लेकीबाळींच्याही कामाचा असतो. उपचारांच्या खर्चाचे म्हणाल तर, आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना २०१२ साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. तरीही आमच्याकडे आधी सोने गहाण पडते आणि मग योजनेची चौकशी होते. शिधापत्रिका आणि आधार घेऊन प्रथम अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे जावे, सावकाराकडे नंतर.